अंगावर पाजणारीचं दुखणं

नमस्कार. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव शहरातल्या मैत्रिणींनो, आणि त्यांच्या घरच्या मंडळींनो,

आपल्याकडे बाळंतिणीचं कोडकौतुक मनापासून होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून अंघोळ. दूध पुरतंय का, हे आलागेला प्रत्येकजण विचारतो. सव्वा महिना झाला, ती सासरी परतली, नवरा-बायको पुन्हा जवळ आले, की तिला काय होतं हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मी त्यावरच बोलणार आहे.

बाळ अंगावर पीत असतं तेव्हा दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन कमी झालेलं असतं. इस्ट्रोजेन कमी, म्हणून योनीचा ओलावा कमी. तिथली त्वचा नाजूक होते, संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं. टाके पडले असतील तर जास्तच. इच्छाही कमी होते, त्यात रात्रीची झोप नाही. हे सगळं शरीरातल्या बदलानं होतं. तुमचं नवऱ्यावरचं प्रेम आटलं असा याचा अर्थ मुळीच काढू नका, आणि दादांनो, तुम्हीही काढू नका. ती नको म्हणाली तर थांबा.

दुखत असेल तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेली मिळते, ती वापरा. खोबरेल तेल निरोधबरोबर नको, त्यानं रबर फाटतं. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषध आहे. ताप, घाण वासाचा स्राव किंवा जास्त रक्तस्राव असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दुसरी गोष्ट. "अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत" हे आपल्या सासवा, आज्या सांगत आल्या. त्यात तथ्य आहे, पण तीन अटींवर: बाळ 6 महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नसावी, आणि बाळाला फक्त आईचंच दूध हवं, दिवसा 4 तास आणि रात्री 6 तासांपेक्षा जास्त खंड न पडता. तिन्ही पाळल्या तर 98 टक्क्यांहून जास्त खात्री. पण निपाणीत कामावर जाणारी, खानापूरला भाताच्या लावणीला जाणारी आई बाळ सासूजवळ ठेवते, मग वरचं दूध सुरू होतं, आणि अट तिथेच मोडते. शिवाय पाळी यायच्या आधीच बीज बाहेर पडू शकतं. त्यामुळे कधी कधी पाळी न येताच दिवस गेल्याचं कळतं, आणि पहिलं मूल अजून रांगतही नसतं.

लगेच पुन्हा दिवस जाऊ नयेत यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय आहे, मोफत. कॉपर-टी बाळंतपणानंतर 48 तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. छाया गोळीत हार्मोन नसतं, दुधावर परिणाम होत नाही. माला-एन ही हार्मोनची गोळी मात्र पाजणाऱ्या आईनं पहिले 6 महिने घेऊ नये.

कानडी नीट येत नाही म्हणून पुष्कळजणी तिथे गप्प बसतात. तायी कार्ड (गरोदरपणात मिळालेलं आई-बाळाचं कार्ड) घेऊन जा, आशाताईला आधी सांगून ठेवा, ती सोबत येईल. आणि पुढच्या लसीकरणाला बाळाला घेऊन जाल, तेव्हा तिथल्या सिस्टरना स्वतःचंही विचारा: दुखतं का, आग होते का, पुढच्या बाळात अंतर कसं ठेवायचं.