लाल दोऱ्याचा काठ

जीन्सचा पाय खालून दुमडा आणि बाहेरच्या बाजूची शिवण उलटून बघा. बहुतेक जीन्सला तिथे ओव्हरलॉकची शिलाई दिसेल. थोड्या जीन्सना मात्र कापडाचा मूळ काठच असतो. पांढरा, आणि त्यात बहुधा एक लाल दोरा. आडवा दोरा, म्हणजे बाणा, वाहणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो आणि बाणा न तोडता परत फिरतो. त्या वळणावर हा काठ तयार होतो. हातमागाच्या साडीची कड ज्यांनी बोटांनी चाचपली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हा लाल दोरा म्हणजे मुळात लिवाइस या जीन्सच्या कंपनीसाठी विणलेल्या कापडाची खूण. आणि ते कापड ज्या गिरणीचं, ती अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत. नाव व्हाइट ओक.

ती मोझेस आणि सीझर कोन या दोघा भावांची. वडील जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेले ज्यू व्यापारी, किराणा मालाचे घाऊक विक्रेते. मुलं गावोगाव माल विकत फिरली आणि फिरता फिरता कापडाच्या धंद्यात शिरली. कापसाची शेतं जवळ हवीत म्हणून ग्रीन्सबरो निवडलं. पहिल्या गिरणीचं नावच ठेवलं प्रॉक्सिमिटी, म्हणजे जवळीक. १९०५ साली व्हाइट ओक सुरू झाली. आवारातल्या एका जुन्या ओक वृक्षावरून तिचं नाव पडलं. पुढे ती डेनिमची, म्हणजे जीन्सच्या कापडाची, जगातली सर्वांत मोठी गिरणी झाली. १९१५पासून लिवाइसला तिचं कापड जाऊ लागलं.

गिरणीभोवती कामगारांच्या वस्त्या होत्या. घर गिरणीचं, दुकान गिरणीचं. गोऱ्यांची घरं वेगळी आणि कृष्णवर्णीयांची ईस्ट व्हाइट ओक ही वस्ती वेगळी. गिरणीच्या वैभवाची गोष्ट सांगताना हेही सांगायलाच हवं.

आता कापडाच्या रंगाईचा हा दोरखंड बघा. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, शेकडो तारा एकत्र करून तो बनतो आणि निळीच्या हौदात बुडतो. बाहेर येतो तेव्हा हिरवट-पिवळा. हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होत जातो. पुन्हा हौद, पुन्हा हवा. इतकं करूनही नीळ सुताच्या पोटात पोचत नाही, आतला गाभा पांढराच राहतो. म्हणून तर जीन्सचा रंग आधी गुडघ्यावर आणि खिशाच्या कडेला उडतो. अंगावरच्या माणसाचं उठणं-बसणं कापडावर उमटतं.

इंग्रजीत जाड्याभरड्या सुती कापडाला डंगरी म्हणतात. तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीतून गेलेला आहे. या गोष्टीशी आपलं नातं आहे ते असं, कापडापासूनचं.

व्हाइट ओकमध्ये ड्रेपर कंपनीचे एक्स-३ साचे, म्हणजे यंत्रमाग, होते. लाकडी जमिनीवर उभे, धोटा मारताना सगळी जमीन हादरायची. मग बिनधोट्याचे वेगवान माग आले, जास्त पन्ह्याचं कापड काढू लागले, आणि हे साचे मागे पडले. जपानमध्ये जुन्या जीन्सचं वेड वाढलं तेव्हा काठाच्या कापडाला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. जपान्यांनी अमेरिकेतले जुने साचे विकत नेले, असं अनेकदा ऐकू येतं. पण त्यांच्याकडे स्वतःचे टोयोडा माग होते.

तोवर शिलाई मेक्सिकोत आणि आशियात गेली होती. शिलाईमागोमाग कापडही गेलं. २००३मध्ये कोन मिल्सने दिवाळखोरी जाहीर केली, मालक बदलले. ३१ डिसेंबर २०१७ला व्हाइट ओक बंद झाली. सुमारे दोनशे माणसांचं काम गेलं.

लालबाग-परळला ज्यांच्या घरून गिरणीत डबा जायचा, त्यांना पुढचं ठाऊक आहे. साचे भंगारात, मागे उरते चिमणी, आणि जागेवर टॉवर. व्हाइट ओकचेही बरेचसे साचे विकले गेले. अमेरिकेतच, लुइझियानातल्या व्हिडालियात निघालेल्या नव्या गिरणीत ते गेले, पण काही वर्षांतच तीही कर्जात रुतली.

काही थोडे साचे मात्र ग्रीन्सबरोतच राहिले. हा वारसा जपायला एक संस्था उभी राहिली आणि जुन्याच इमारतीत, त्याच लाकडी जमिनीवर, कापड पुन्हा निघू लागलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने हा पसारा चिमूटभर आहे. तरी मला तो मोठा वाटतो. यंत्र कुठेही नेता येतं. ते कुठे अडकतं, कोणता आवाज आला की धोटा भिरकावणार, हे ज्याला कळतं तो माणूस पेटीत घालून नेता येत नाही.

ऐका. खट-खट, खट-खट. मधेच शांत. ताण्याची एक तार तुटली, साचा आपोआप थांबला. विणकर बाई पुढे होते, तारांच्या गर्दीत बोटं घालते, तुटलेलं टोक शोधते, गाठ मारते, उरलेलं सूत कातरते. दांडा ओढते.

जमीन पुन्हा हादरू लागते.