पाईप सगळे पक्के, आणि मध्येच ती पारदर्शक नळी

नमस्कार मंडळी. विषय आहे घरी बनवलेल्या बायोडिझेल प्रोसेसरला, म्हणजे खाद्यतेलापासून डिझेलसारखं इंधन बनवायच्या टाकीला, पाईप-फिटिंग कुठलं लावायचं. इथे बसलेल्या बहुतेकांनी एखादी तरी बॅच काढलेली आहे, त्यामुळे तेलात मेथॅनॉल (एक अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा घालायचा, मग खाली ग्लिसरीन वर बायोडिझेल, हे परत सांगत बसत नाही. पाईपांवर येतोच, पण आधी मला टाकीच्या बाजूला पातळी दिसावी म्हणून लावतात त्या पारदर्शक नळीबद्दल बोलायचंय. ज्यांच्याकडे आहे त्यांनी हात वर करा बघू. बरं, बरेच हात अर्धेच वर आलेत, म्हणजे योग्य खोलीत आलोय.

बघा, टाकी दणकट, वेल्डिंग सुरेख, माणूस कौतुकाने सगळं दाखवतो, आणि बाजूला काय तर साधी व्हिनाईलची नळी क्लॅम्पने आवळलेली. नवी असते तेव्हा मऊ, काचेसारखी स्वच्छ. मग गरम तेल आणि मेथॅनॉल तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर हळूहळू ओढून घेतात, नळी धुरकट होते, कडक होते, आकसते आणि क्लॅम्पची पकड सुटते. एके दिवशी निसटली की टाकीतला माल जमिनीवर. आणि त्यावेळी आत हीटर चालू असेल तर? तेल उतरलं, एलिमेंट उघडं पडलं, तापून लाल झालं, आणि खाली मेथॅनॉल मिसळलेलं तेल पसरलंय. ठिणगीने पेटेल इतकी मेथॅनॉलची वाफ सुटायला १२ अंशाच्या आसपासचं तापमान पुरतं, म्हणजे खोलीतली नुसती हवासुद्धा त्याला पुरेशी गरम आहे.

माझ्या ओळखीच्या एकांच्या शेडमध्ये हेच झालं. ते बाहेर होते म्हणून वाचले, शेड गेली. नंतर भेटले तर पुन्हापुन्हा एकच म्हणत होते, अहो पाईप तर सगळे लोखंडीच होते. होते ना! पण आग पाईपातून आलीच नाही, ती सगळ्यात स्वस्त तुकड्यातून आली. म्हणून मी म्हणतो, मटेरियल निवडायचं ते नळी, वॉशर, सील इथून सुरू करायचं आणि मग पाईपाकडे जायचं.

मागून विचारतायत, मग पातळी कळणार कशी? तेल टाकीत घालायच्या आधीच मोजा, बघायची गरजच उरत नाही. नळी हवीच असेल तर तिच्या खालच्या टोकाला व्हॉल्व्ह, बघून झालं की लगेच बंद.

वेळ संपत आलाय असं खुणावतायत, तर पाईप पटापट. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, नको, कॉस्टिक जस्त खातं आणि ते जस्त तुमच्या बायोडिझेलमध्ये उतरतं. ॲल्युमिनियम तर मेथॉक्साईडच्या (मेथॅनॉलमध्ये कॉस्टिक विरघळवून होतं ते) जवळ आणूच नका, ते विरघळतं आणि वर हायड्रोजन सुटतो. तांबं, पितळ, ब्राँझ यांच्या संपर्कात बायोडिझेल लवकर खराब होतं, गाळ धरतं, फिल्टर चोंदतो. पितळी बॉल व्हॉल्व्ह प्रोसेसरवर बरेच जण वापरतात आणि निभतं, कारण माल काही तासांत पुढे जातो, पण साठवणीच्या टाकीला तो अजिबात नको. पीव्हीसी ६० अंशाला मऊ पडायला लागतो आणि आपण रिॲक्शन चालवतो ५५ ते ६० ला (मेथॅनॉल ६४.७ ला उकळतं, त्याच्या वर जायचंच नाही), म्हणजे तोही बाद. राहिला काळा लोखंडी पाईप, बजेट असेल तर स्टेनलेस. मेथॉक्साईड थंड असताना ठेवायला एचडीपीई (कॅनचं जाड प्लास्टिक) चालतं.

सील: साधं रबर आणि नायट्राईल रबर बायोडिझेलमध्ये फुगतं, मऊ पडतं. टेफ्लॉन बिनधास्त घ्या, आट्यांना टेपही त्याचीच. व्हिटॉन (फ्लोरिनयुक्त रबर) चांगलं, पण त्याची प्रत्येक ग्रेड मेथॅनॉलला टिकत नाही, विकत घेताना ग्रेड विचाराच. आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाना लावून सोडवता येणारा जोड, लावा, कारण आतलं सील कधी ना कधी बदलायला लागणारच आणि तेव्हा सगळा पाईप कापत बसावं लागू नये.