कँटन, ग्वांगझू, ग्वोंगजाउ

(मनोरा, रात्रीचे दिवे)

हा मनोरा ६०० मीटर उंच. २०१०मध्ये खुला झाला. चिनीत त्याला म्हणतात 'ग्वांगझू ता', ग्वांगझूचा मनोरा. इंग्रजीत अधिकृत नाव 'कँटन टॉवर'. आणि हे कुणा इंग्रजानं नाही, याच शहरानं ठेवलंय. परदेशी भाषांतल्या मजकुरात पिनयिन स्पेलिंग, म्हणजे सरकारी भाषा मँडरिनच्या उच्चारांचं रोमन स्पेलिंग वापरायचं, हे चीननं १९७९मध्येच लागू केलं होतं. म्हणजे कँटन नाही, ग्वांगझू. कँटनला निवृत्त करून तीस वर्षं झाल्यावर त्याला पुन्हा इतक्या उंचावर चढवलं!

(पर्ल नदी, बोटीतून)

मूळ वस्तीचं नाव पान्यू. इसवी सन २२६मध्ये वू राज्यानं इथे नवा विभाग पाडला. 'ग्वांग' आलं ग्वांगशिन नावाच्या गावावरून, 'झू' म्हणजे प्रशासकीय विभाग. विभागाचं नाव पुढे शहराला चिकटलं. अरब व्यापारी त्याला खान्फू म्हणत.

१५१७मध्ये मलाक्काहून निघालेली पोर्तुगीज जहाजं या पात्रात शिरली. पोर्तुगीजांच्या तोंडी बसलं 'कांताँव'. गंमत म्हणजे हे बहुधा शहराचं नाव नव्हतंच. ते ग्वांगडाँग प्रांताचं. इथल्या बोलीत ग्वोंगदुंग. पण दोष एकट्या पोर्तुगीजांना कशाला द्यायचा? इथली माणसंही शहराला नुसतं 'सांगसेंग' म्हणत, म्हणजे प्रांताची राजधानी. इंग्रजांनी पोर्तुगीज नाव उचललं आणि कँटन केलं. मग भाषा कँटनीज, जेवणही कँटनीज.

(शामियान बेट: वडाची झाडं, जुन्या इमारती)

१७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर खुलं होतं. मुंबईहून कापूस आणि अफू यायची, परत जायचा चहा आणि रेशीम. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी याच व्यापारासाठी चीनला आले. पारशी घरांतल्या गारा साड्यांवरच्या भरतकामाचा धागाही इथवर येतो.

अफूवरून युद्ध झालं, चीन हरला, हाँगकाँग गेलं.

(प्रदर्शनाचे दालन, गर्दी)

१९५७पासून वर्षातून दोनदा भरणारं हे व्यापार प्रदर्शन. अधिकृत नाव लांबलचक, आयात-निर्यातीचं. पण जगभरचे व्यापारी एकच नाव घेतात: कँटन फेअर. विमानतळावर सामानाला लागणाऱ्या चिठ्ठीवरही ग्वांगझूचा संकेत सीएएन असाच असतो.

(मेट्रो, डब्यातून)

कँटन परक्यांचं, ग्वांगझू सरकारी मँडरिनचं. ज्यांचं हे शहर, त्यांच्या तोंडी मात्र 'ग्वोंगजाउ'. इंग्रजीनं एक नाव सोडलं, दुसरं घेतलं, पण हा उच्चार काही घेतला नाही. मेट्रोत घोषणा मँडरिन, कँटनीज आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते. आता ग्वांगझू रेल्वे स्थानक येईल. कँटनीज घोषणा ऐका.

(घोषणेचा मूळ आवाज, निवेदन थांबते)