शिंतोडे

(दृश्य: पांढरा पत्रा, अगदी जवळून. वाळलेले रंगाचे थेंब. सकाळचं तिरपं ऊन.)

पिस्ता. फिकट गुलाबी. दाराच्या कडेला शेवाळी, आणि खाली ओघळत गेलेला हा विटकरी. पिंपरी-चिंचवडकडच्या कुठल्या सोसायटीला कोणता रंग लागला, ते या केबिनवरून सांगता येईल. गाडी रंगकामाच्या ठेकेदाराकडे होती. डबे, शिड्या, परांचीचे बांबू, वर बसलेली चार माणसं, हेच तिनं आजवर वाहिलं. आता ती कोल्हापुरात आली आहे, गूळ वाहायला.

(दृश्य: गाडी समोरून. एमएच 14 ची पिवळी पाटी.)

कागदोपत्री टाटा एस, 2005 साली बाजारात आलेलं मॉडेल. रस्त्यावर हे नाव कोणी घेत नाही. छोटा हत्ती! दोन सिलिंडर, 702 सीसी, आणि पाठीवर पाऊण टन. प्रत्यक्षात किती लादतात, ते विचारू नका.

(दृश्य: शेड. पन्हळीतून गळणारं पाणी. मामा छत्री मिटतात.)

शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, पुणे-बंगळूर महामार्गाच्या आवाजात हे शेड उभं आहे. इथले पेंटर मामा. नव्या मालकाला बाहेर चार जणांनी एकच सल्ला दिला होता: अख्खी गाडी मारून घे, नवी दिसेल. जुन्या गाड्यांच्या धंद्यात हाच रिवाज आहे. डाग दिसला की वर रंग, गंज दिसला की आधी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि मग वर रंग. गिऱ्हाईक चकाकीला भुलतं, पैसे मोजतं आणि पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर फोड मोजत बसतं.

मामांनी रंगाचा डबा काढलाच नाही. त्यांनी काढली पातळ प्लॅस्टिकची पिशवी.

(दृश्य: पिशवीत हात घालून मामा पत्र्यावरून हळू फिरवतात. खरखर ऐकू येते. आवाज पूर्ण ठेवावा.)

नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. डोळ्यांना पत्रा स्वच्छ दिसतो तिथेही रेव लागते. भिंतीवर मारलेल्या रंगाचा वाऱ्यानं उडून आलेला तुषार आहे हा.

(मामांचा आवाज: "खालचा रंग चांगला हाय रं हिचा. वरची घाण काढायची सोडून चांगला रंग कशाला गाडायचा?")

मामांचं हे म्हणणं तपासून बघू. कारखान्यात अख्खी केबिन प्रायमरच्या हौदात बुडते. विजेच्या प्रवाहानं तो प्रायमर कानाकोपऱ्यात बसतो आणि मग भट्टीत भाजला जातो. वरचा रंगही भट्टीतच पक्का होतो. सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवल्याइतकी. शेडमध्ये ना तो हौद, ना ती भट्टी. आणि हा तर भाद्रपद. फवाऱ्यातलं थिनर उडताना पत्रा थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि ताज्या रंगाची चकाकी तिथेच मरते.

(दृश्य: बादली, फेस, पाण्याचा पाइप.)

आधी भरपूर पाणी, मग शाम्पू. कोरड्या पत्र्यावर फडकं फिरवलं तर धूळच वॉटर पेपरचं, म्हणजे ओल्या घासकागदाचं, काम करते. काम सावलीत. दुपारी ऊन आलं तेव्हा मामांनी गाडी ढकलून आत घेतली.

(दृश्य: गुलाबी थेंबावर ओलं फडकं. घड्याळ. फडकं उचलताच थेंब फुगलेला.)

शिंतोडे दोन जातींचे. हा गुलाबी भिंतीचा, पाण्यात कालवायचा. गरम साबणपाण्याचं फडकं पंधरा मिनिटं ठेवलं की तो मऊ पडतो. उरलाच तर मेडिकलच्या दुकानातलं स्पिरिट. मग खरवडायला जुनं एटीएम कार्ड. प्लॅस्टिकच हवं, धातू नको. बघा, साय निघावी तसा निघाला.

(निवेदन नाही. एकामागून एक थेंब सुटताना. चाळीस सेकंद.)

विटकरी मात्र ऑइल पेंट. ग्रिलचा किंवा जिन्याच्या कठड्याचा असणार. तो पुरता वाळला की टर्पेंटाइनला दाद देत नाही. इथे बहुतेकांचा हात थिनरकडे जातो. मामांचाही गेला, पण आधी दाराच्या आतल्या कडेला, जिथे कोणी बघत नाही. गडद रंगाच्या चिंधीवर थिनरचे दोन थेंब, हलकं पुसणं. चिंधी स्वच्छ राहिली म्हणजे रंग भट्टीतला. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर तेच केलं, तर चिंधीला पांढरा चिकटा आला. म्हणजे हे दार कधीतरी ठोकलंय आणि गॅरेजात रंगवलंय. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. गाडीनं सांगितलं.

(दृश्य: ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी. साबणाचं पाणी. मामांची बोटं.)

या दारावर थिनर बंद. आता हे नीट बघा. ब्लेडची टोकं चिकटपट्टीनं झाकलेली आहेत, म्हणजे कोपरा पत्र्यात रुतणार नाही. मधली धार किंचित वाकवलेली. मामा थेंब उपटत नाहीत, वरून तासतात. एक फेर, पुन्हा पाणी, दुसरा फेर. डोंगराचं टेकाड झालं, टेकाडाचा उंचवटा. उरला तो शाळेच्या खोडरबराला गुंडाळलेल्या 2000 नंबरच्या वॉटर पेपरनं, तोही ओला. पेपरनं पत्रा धुरकट होतो, तो धुरकटपणा रबिंग कंपाउंडनं, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या लगद्यानं, जातो. चिंधी पांढरी होते तेव्हा नवा मालक दचकतो. साधा पांढरा आहे, वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर नाही, मग कंपाउंडबरोबर थोडा रंग येणारच. थोडा. दोन ठिकाणी जास्त आला, प्रायमर दिसला. तिथे ब्रशनं टच-अप झाला.

(दृश्य: क्लेचा गोळा पत्र्यावर सरकतो. खाली पडतो. मामा तो फेकून देतात.)

उडालेल्या तुषारासाठी क्ले, पत्र्यावरची रेव ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा. साबणपाण्यावरून सरकवत न्यायचा, घडी घालत राहायचं. जमिनीवर पडला की संपला, त्यात रेव शिरते. हा गोळा महाग होता. मामांचा चेहरा बघा.

(दृश्य: पुढचा बंपर. पावडर धरलेला करडा रंग.)

आता काळं प्लॅस्टिक, जे काळं राहिलेलं नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर कुजतो आणि पांढरट भुकटी धरतो. यावर रस्त्यावरचा इलाज ठरलेला: जळकं ऑइल किंवा डिझेल चोपडा. गाडी विकायच्या सकाळी बंपर काळाभोर, चार दिवसांत धुळीनं माखलेला, आणि शेजारचं रबर फुगलेलं. बूटपॉलिशवालेही भेटतात. पहिल्या सरीला ते पॉलिश चाकावर उतरतं.

मामा बंपर उतरवतात. जुन्या टूथब्रशनं दाण्यादाण्यातून भुकटी काढतात. पांढरे थेंब इथेही होते, पण या प्लॅस्टिकला रंग मुळात नीट चिकटतच नाही, म्हणून नखानं टचकन सुटले. याच कारणानं त्यावर नुसता काळा स्प्रे मारला तर सहा महिन्यांत पापुद्रे निघतात.

(दृश्य: हीट गनचं तोंड. करड्यातून काळी वाट उमटत जाते. आवाज फक्त गनचा.)

हात थांबायचा नाही. थांबला की प्लॅस्टिक वितळलं.

(निवेदन नाही. बंपरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.)

हा उपाय एकदा होतो, फार तर दोनदा. पुढे ट्रिम रिस्टोरर, म्हणजे प्लॅस्टिक काळं ठेवणारं द्रावण, लावत राहायचं. दारांच्या रबरांना साधं ग्लिसरीन. हौद्यात मात्र मामांनी घासलेट, थिनर काही शिरू दिलं नाही. तिथे गुळाचे रवे बसणार. साबण, पाणी आणि नवा मालक, दोन तास.

(दृश्य: मामांचे हात. खुंटीला लटकलेले कोरे हातमोजे.)

मास्क आणि हातमोजे होते. वापरले गेले नाहीत.

(दृश्य: मागचा फाळका. रेडियमची अक्षरं हेअर ड्रायरनं सुटतात.)

शेवटी फाळका. जुन्या मालकाची रेडियमची अक्षरं गरम हवेनं सोलून निघाली. पण अक्षरांखालच्या रंगानं कधी ऊन बघितलेलं नाही, बाकीचा पिवळटला आहे. रेडियम गेलं तरी मजकूर तसाच: 'आई-बाबांची कृपा'. मामांनी तीनदा कंपाउंड फिरवलं. अक्षरं पुसट झाली, गेली नाहीत. या एका फाळक्यावर रंग मारतो म्हणाले. कॅमेऱ्यासमोर जरा ओशाळूनच.

(नव्या मालकाचा आवाज: "ऱ्हाऊ दे की मामा. आमच्याबी आई-बाबांचीच हाय.")

पासिंग पुढच्या आठवड्यात झालं. खंडेनवमीला हार चढला, दुसऱ्या दिवशी गाडी गुऱ्हाळावर.

(दृश्य: छोटा हत्ती शेडबाहेर पडतो. त्याच दारातून दुसरा टेम्पो आत येतो. खालून वरपर्यंत डांबर.)

मामा पिशवी शोधतायत.