बाजारातनं आणलेली शेळी कोपऱ्यात उभी राहिली, तर आधी काय बघायचं?

नमस्कार मंडळी. माझ्या मागं कडुलिंबाला बांधलेली काळी शेळी दिसतेय ना, ती आमचीच, पण अजून आमच्यात आलेली नाही. आज सहावा दिवस. बाकीच्या शेळ्या तिकडं पत्र्याच्या शेडात, आणि ही इथं तीसेक पावलांवर. एकमेकींना दिसतात, हाका मारतात, पण तोंडाला तोंड लागत नाही. हिची बादली वेगळी, पाटी वेगळी. सकाळी आधी घरच्यांचं सगळं उरकायचं, मग हिच्याकडं यायचं, आणि परत जाताना हातपाय धुऊन जायचं. एकवीस दिवस असंच चालणार.

एवढं सोवळं कशाला, असं आमच्या संकेश्वर भागात सगळेच विचारतात. मीही विचारायची. दोन वर्षांमागं एक उस्मानाबादी आणली होती, दुसऱ्या वेताची, चांगली लांब कानाची. टेम्पोतनं उतरली ती दावणीला कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. चाऱ्याला तोंड लावेना. मला वाटलं, कळप सुटलाय, दोन दिवसांत रुळेल. सासूबाई म्हणाल्या, वाटेनं दमलीय, मूठभर ज्वारी घाल. मी मूठभर कुठली घालते, दीड शेर ओतली. आणि तिनं खाल्ली की! मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

रात्री अकराला बघते तर डावं पोट टम्म. दात कराकरा खातेय, मान खाली घातलेली. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. ताप किती? रवंथ शेवटची कधी केली? लेंडी कशी टाकली? मी म्हटलं, साहेब, शेळी आजारी आहे. ते म्हणाले, ते कळलं मला बाई, मी विचारलं ते सांगा. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. पहाटे शेळी गेली.

उपाशी पोटी, सवय नसताना एवढं धान्य गेलं की पोटात ते भराभर आंबतं. आम्ल तयार होतं, चारा पचवणारे जंतू त्यातच मरतात, अंगातलं पाणी पोटाकडं ओढलं जातं आणि जनावर बसतं. म्हणजे आजार मीच पाटीत घालून दिला होता. पण माझ्या डोक्यात राहिले ते त्या तीन प्रश्नांचे चटके.

घरची शेळी आजारी पडली की लांबनं कळतं. रोज दाराकडं धावणारी आज मागं राहिली, एवढंही पुरतं. तिचं बरं असणं आपल्याला पाठ असतं. नव्या शेळीचं बरं असणं आपण कधी बघितलेलंच नसतं. ती लाजाळू आहे की तापात आहे, हे कशावरनं ठरवणार? त्यात शेळी दुखणं दाखवत नाही. कळपात मागं पडली तर लांडगा हिलाच धरणार, ही भीती तिच्या रक्तात आहे. तुम्ही जवळ गेलात की ती कान टवकारून उभी राहते, तुम्ही वळलात की मान टाकते. म्हणून आधी लांब उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघायचं. मग हात लावायचा.

आता थर्मामीटर. हा साधा, मेडिकलमध्ये मिळतो तो, आकडे दिसणारा. मागं दोरी बांधलीय आणि दोरीला कपड्याचा चिमटा, तो शेपटीच्या केसांना लावायचा. नाहीतर एकदा आत गेलेला थर्मामीटर लेंडीबरोबर बाहेर पडतो आणि आपण शोधत बसतो. टोकाला थोडं खोबरेल. अस्सं. जरा तिरका धरायचा, म्हणजे टोक कडेला टेकतं. नुसतं लेंडीत खुपसलं तर आकडा खोटा येतो. थांबा, वाजू दे.

वाजला. बघा, १०२.६. शेळीला १०२ ते १०३.५ पर्यंत ताप म्हणायचा नाही, तिचं अंगच तेवढं गरम. दुपारी उन्हातनं आली असेल तर थोडं वर जातं, म्हणून मी सकाळी सातलाच बघते. १०४ च्या वर गेला तर फोन करायचा. आणि १०० च्या खाली आला तर त्याहून घाईनं करायचा. अंग गार पडलं म्हणजे ताप उतरला, असं समजून झोपी जाणारे लोक मी बघितलेत.

दुसरं, डावी भकाळी. शेवटच्या बरगडीच्या मागं खळगा असतो ना, तिथं मूठ दाबून ठेवायची आणि मिनिटभर गप्प बसायचं. आत कुणीतरी कूस बदलावी तसं मूठ हळूच वर उचलली जाते. आत्ता एक… हां, ही दुसरी. मिनिटाला एक-दोन वेळा असं झालं की पोट चालू आहे. काहीच हललं नाही, किंवा भकाळी ढोलासारखी वाजते, तर धान्य, पेंड, पीठ सगळं बंद. कडबा आणि पाणी तेवढं पुढं ठेवायचं.

तिसरं, खालची पापणी. अंगठ्यानं अशी ओढायची. आत लालसर गुलाबी आहे, हे चांगलं. कागदासारखी पांढरी दिसली तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत असं धरा. जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत असेल तर फारच झालं. अथणीकडच्या कोरड्या रानापेक्षा खानापूरच्या पावसात हे जास्त. जंताचं औषध वजनावर द्यायचं, अंदाजानं अर्धं झाकण नाही. कमी दिलं की जंत मरत नाहीत, औषधाला मात्र पक्के होतात. आणि शेळी नुकतीच फळलेली असेल तर अल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या करडाला बाधतं. बाजारातली शेळी फळलीय की नाही, हे विकणारा सांगेलच असं नाही. डॉक्टरांना विचारूनच द्या.

लेंडी तर तुम्हाला कळते. सुटी, काळी, चमकदार हवी. चिकटून गोळा झाली की लक्ष ठेवायचं, पातळ झाली की शेपटीखालनं कळतंच.

हे चारही मी वहीत लिहिते. आली त्या दिवशीचं, आणि मग रोजचं. पोरांच्या शाळेची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती.

आता सगळ्यात घाबरायचं कशाला, ते सांगते. पीपीआर. आमच्याकडची कन्नड धनगर मंडळी हिरेबेनी म्हणतात. जुन्या लोकांना बुळकांडी आठवत असेल, गाईबैलांचे गोठेच्या गोठे ओस पाडणारी, जी जगातनं संपली असं २०११ साली जाहीर झालं. हा तिच्याच घराण्यातला विषाणू, शेळ्या-मेंढ्यांचा. लागण झाली की साधारण चार-सहा दिवसांनी ताप चढतो, १०४-१०६. म्हणजे बाजारात घेताना शेळी ठणठणीत असते आणि तुमच्या गोठ्यात आल्यावर पडते! मग नाकाडोळ्यांतनं पाणी, ते पुढं घट्ट पिवळं होतं, हिरड्यांवर कोंडा चिकटल्यासारखे चट्टे, तोंडाला घाण वास, ढास आणि शेवटी हगवण. विषाणूवर औषध नाही. छातीत दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून डॉक्टर इंजेक्शन देतात, सलाईन लावतात, बाकी शेळीच्या नशिबावर. लस मात्र फार चांगली आहे, एकदा टोचली की तीनेक वर्षं बघायला नको. पण आजारी पडलेल्या शेळीला लस टोचून काही होत नाही. घरच्या शेळ्यांना आधीच टोचून ठेवा, मग नवी आणा.

आता हातघाईवर येऊन काय करू नये. पोट फुगलं म्हणून तोंड वर करून बाटलीनं तेल ओतू नका. मान नाकाच्या रेषेत, खाली. वर केलीत की तेल छातीत जातं, आणि पोटफुगीनं न मेलेली शेळी निमोनियानं मरते. घरातली माणसांची दुखण्याची गोळीही देऊ नका. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते टोचलेलं मढं खाऊन गिधाडं मेली म्हणून.

आणि फोन. १९६२ हा जनावरांचा नंबर आहे. सीमेवरचे आपण, शेळी महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजची, गोठा कर्नाटकातल्या हुक्केरीचा, म्हणून आधी राज्य, तालुका आणि गावाचं नाव सांगायचं. पलीकडून कन्नड आलं तर घाबरू नका. ताप त्यांनाही 'ज्वर'च, हगवणीला 'भेदी' म्हणा. चारा खात नसेल तर 'मेवु तिनवल्दु', रवंथ करत नसेल तर 'मेलकु हाकवल्दु'. व्याकरण चुकलं तरी हसून घेतात, पण गाडी येते. आणि वही हातात ठेवा. काल किती होता, आज किती आहे, एवढं सांगितलंत की पलीकडचा माणूसही सावरून बसतो.

मागच्या महिन्यात एक शेळी आणली होती, पाचव्या दिवशी सकाळी १०४.८ होता. पोट चालू होतं, पापणी गुलाबी, नुसती नाकातनं पाणी. डॉक्टर दुपारच्या आत आले. छातीत सर्दी उतरली होती, टेम्पोतला वारा लागलेला. चार दिवस इंजेक्शनं झाली, आता तिकडं शेडात ती दुसऱ्यांच्या वैरणीवर डल्ला मारतेय, ती पांढऱ्या कपाळाची.

हिचं आजचं लिहून घेते. सकाळ सात, १०२.६, पोट चालू, लेंडी सुटी. रवंथ… बघा, कॅमेरा बघत बघत करतेय. अजून पंधरा दिवस कडुलिंबाखालीच आहे ही.