नवसागर: एका क्षाराची अनेक नावं

तापलेल्या पितळी पातेल्यात कल्हईवाला कथील टेकवतो, चिमूटभर पांढरी पूड टाकतो आणि कापसाच्या बोळ्यानं भरभर पुसत जातो. पांढरा धूर उठतो, नाक झिणझिणतं आणि पातेलं आतून उजळतं. ती पूड म्हणजे नवसागर.

रसायनशास्त्रात हा अमोनियम क्लोराईड. तापला की त्याचे दोन वायू होतात: अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड. यातला दुसरा वायू धातूवरचा ऑक्साईडचा थर खाऊन टाकतो, म्हणून कथील धरतं. वर हवेत दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात. धूर दिसतो तो त्यांचाच.

नावात सागर असला, तरी समुद्राशी याचा संबंध नाही. फारसीत तो नौशादर, हिंदीत नौसादर, तुर्कीत निशादिर, रशियनमध्ये नशातीर. आपल्या संस्कृत रसग्रंथांत, म्हणजे पारा-धातूंच्या औषधांवरच्या ग्रंथांत, नवसार. विटा भाजताना होणारं फिकट, हलकं मीठ, अशी त्याची ओळख तिथं सांगितली आहे. किती नेमकं निरीक्षण! मध्य आशियात, आजच्या ताजिकिस्तानात, जमिनीखाली कोळसा जळत राहतो. भेगांतून वर आलेली वाफ थंड होते आणि तोंडाशी हा क्षार साचतो. मध्ययुगात अरबीत लिहिणाऱ्या भूगोलकारांनी त्या डोंगरांची वर्णनं करून ठेवली आहेत.

युरोपनं नाव घेतलं ते प्राचीन इजिप्तच्या अमुन देवाचं. आजच्या इजिप्तमध्ये, लिबियन वाळवंटात त्याचं देऊळ होतं, तिथलं मीठ म्हणून साल अमोनिआक. हे नाव आधी बहुधा साध्या खनिज मिठाचं होतं, नवसागराला ते पुढं चिकटलं. 1782 साली स्वीडिश रसायनज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांनी त्यावरूनच वायूला अमोनिया म्हटलं.

बोलीभाषेत मात्र ज्याचा त्याचा अर्थ निराळा. रशियात नशातीर म्हणजे बेशुद्ध माणसाच्या नाकाशी धरायची अमोनियाची बाटली. फिनलंडमध्ये साल्मिआक्की म्हणजे याच क्षाराची खारट, झणझणीत काळी गोळी. लहानथोर ती आवडीनं चघळतात.

महाराष्ट्रात कल्हईइतकाच हा शब्द पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत ऐकू येतो: हातभट्टी उद्ध्वस्त, गूळ-नवसागरमिश्रित रसायन नष्ट. पिणाऱ्याच्या जिवाची पर्वा न करता भट्टीवाले तो पिंपांत घालतात. दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या गावोगावच्या बायकांना नवसागर ठाऊक आहे तो या भट्ट्यांमुळे.