सांधा जमला तर लस जमली

आजचा जाहीर विषय ‘बी गटाचा मेनिंगोकॉकस (मेंदूच्या आवरणांना सूज आणणारा जंतू) आणि पृष्ठभागावरची प्रथिनं’ असा आहे आणि तिथे आपण पोचणारच आहोत. पण आधी शर्करेबद्दल, म्हणजे जंतूच्या बाहेरच्या कवचातल्या साखरेच्या साखळ्यांबद्दल, बोलू द्या. जंतूंचे जिनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, हाती आल्यापासून शर्करेच्या लशी म्हणजे जुनं, संपलेलं काम असं सर्रास बोललं जातं. ते मला अजिबात मान्य नाही. प्रतिजन, म्हणजे शरीर ज्याला ओळखून प्रतिकार करतं तो जंतूचा भाग, कोणता सापडला याचं कौतुक होतं. तो कशाला, किती घट्ट जोडला आणि जोडला गेला हे कसं मोजलं, याकडे कोणी बघत नाही. लशीचं भवितव्य मात्र तिथेच ठरतं.

कवचाच्या पॉलिसॅकराइडवरून, म्हणजे याच शर्करेवरून, मेनिंगोकॉकसचे ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय हे गट पडतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. 1969 च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर रीड संस्थेत गॉटश्लिख, गोल्डश्नायडर आणि आर्टेनस्टाइन यांनी शुद्ध पॉलिसॅकराइडची लस उभी केली आणि सैनिकांमध्ये तिने काम केलं. अडचण तान्ह्या मुलांची. नुसती शर्करा टी पेशींची (प्रतिकाराला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींची) मदत घेत नाही, म्हणून प्रतिकारस्मृती तयार होत नाही. सी गटाची शर्करा दोन वर्षांखालच्या बाळांत फारसं काही करत नाही आणि पुन्हा टोचली तर प्रतिसाद उलट घटू शकतो. प्रथिनाला जोडलेली शर्करा वेगळी वागते, हे एव्हरी आणि गोबेल यांनी 1929 मध्येच दाखवलं होतं.

आता ए गट घ्या. त्याची शर्करा शुद्ध कशी करतात ते आधी. जंतू मारून पेशी काढल्या की वरच्या द्रवात सीटॅब हे साबणासारखं रसायन घालतात. शर्करेवर ऋण प्रभार, सीटॅबवर धन. दोघांचा साका खाली बसतो. तो कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात घेऊन आधी थोडं इथेनॉल घालायचं, म्हणजे न्यूक्लिइक आम्लं साक्यात जातात. मग इथेनॉल वाढवून शर्करा पाडायची. प्रथिन आणि न्यूक्लिइक आम्ल, दोन्ही 1 टक्क्याच्या आत हवीत. एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूच्या आवरणातलं ताप आणणारं विष, हटायला सगळ्यात चिवट. इथे घाई केली की ताप बाळाला येतो.

ए गटाची साखळी फॉस्फोडायएस्टर बंधांची असते आणि ते पाण्यात हळूहळू तुटतात. म्हणून बहुतेक लशींत हा घटक गोठवून सुकवलेला मिळतो. तिच्यावरचे ओ-ॲसिटिल हे छोटे रासायनिक गट गेले तर साखळी शाबूत असूनही प्रतिसाद कोसळतो. अल्कलीने ते निघतात, म्हणजे ती वापरताना हात आखडता हवा.

मग सांधा, म्हणजे शर्करा प्रथिनाला जोडणं. सोडियम पीरियॉडेटने शर्करेवर अल्डिहाइड, म्हणजे जोडणीच्या जागा, काढायचे. कमी पडलं तर जोडायला जागा नाही, जास्त झालं तर शर्करेची मूळ ठेवणच बिघडते. हे अल्डिहाइड धनुर्वात टॉक्सॉइड या प्रथिनावरच्या (धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष) लायसीन या अमिनो आम्लाला जोडण्याची जुनी रीत संथ होती आणि तिच्यात माल फार वाया जाई. एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेत ली आणि फ्राश यांनी टॉक्सॉइडवर आधी हायड्रॅझाइड गट बसवले. हायड्रॅझाइड अल्डिहाइडला झटकन धरतं. नंतर सोडियम बोरोहायड्राइडने बंध पक्का करायचा. हीच रीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मेनॲफ्रिव्हॅक या ए गटाच्या लशीसाठी घेतली. डोसमध्ये 10 मायक्रोग्रॅम शर्करा, किंमत 50 सेंटच्या आत. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये 1 ते 29 वर्षांच्या लोकांना टोचणी सुरू झाली. 2012 पासून ही लस 40 अंशांपर्यंत चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवायला मान्यता आहे. घशातला जंतूही घटला, त्यामुळे न टोचलेलेही वाचले. याला संपलेलं काम कोणी म्हणावं?

एक तपासणी मात्र कधी गाळू नका: न जोडलेली मोकळी शर्करा. ती प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी अडवून धरते आणि टी पेशींची मदत आणत नाही. जोडलेला भाग वेगळा काढून उरलेल्यात ए साठी फॉस्फरस मोजतात. सी, डब्ल्यू आणि वाय साठी त्यांच्या शर्करेतलं सियालिक आम्ल. साठवणीत हा आकडा चढतो, म्हणून तो मुदत संपेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहायचा असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बी गट भरभर घेतो. बीची शर्करा गर्भाच्या चेतापेशींवरच्या पॉलिसियालिक आम्लासारखीच असते. शरीर तिला परकं मानत नाही, आणि मानलं तर आपल्याच चेतापेशींवर हल्ल्याची भीती आणखी मोठी. म्हणून प्रथिनं. न्यूझीलंडने 2004 मध्ये जंतूच्या बाह्यपटलाच्या पुटिकांची (सूक्ष्म पिशव्यांची) लस दिली. साथ एकाच वाणाची होती म्हणून ते जमलं, कारण अशा लशीत मुख्य मारा पोर-ए या प्रथिनावर असतो आणि ते वाणागणिक बदलतं. 2000 मध्ये बी गटाच्या एमसी58 वाणाचा जिनोम प्रसिद्ध झाला. रॅपुओली आणि पिझ्झा यांच्या गटाने सुमारे 350 प्रथिनं ई. कोलायमध्ये बनवली. त्यातून पुढे एफएचबीपी, नॅड-ए आणि एनएचबीए ही पृष्ठभागावरची तीन प्रथिनं, प्रत्येकी 50 मायक्रोग्रॅम, आणि न्यूझीलंडच्या पुटिका 25 मायक्रोग्रॅम, अशी लस झाली. युरोपने तिला 2013 मध्ये परवाना दिला. दुसऱ्या लशीत एफएचबीपीचेच दोन प्रकार आहेत, प्रत्येकी 60 मायक्रोग्रॅम.

मोजमापाचं इथेही तेच. कसोटी एकच: रक्तद्रवाने जंतू मरतो का. या कसोटीत कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली जंतू मारणारी प्रथिनं, घालावी लागतात. मानवी कॉम्प्लिमेंट वापरलं तर रक्तद्रव 1:4 इतका पातळ करूनही जंतू मेला की संरक्षण मानतात. सशाचं वापरलं तर आकडे फुगतात, कारण फॅक्टर एच हे कॉम्प्लिमेंटला आवरणारं प्रथिन जंतू एफएचबीपीने धरून ढाल करतो, पण सशाचा फॅक्टर एच त्याला धरता येत नाही आणि ढालच जाते. उंदरातले निकालही याच कारणाने जास्त गोड दिसतात. शिवाय दक्षिण ऑस्ट्रेलियात किशोरवयीनांना वरची चार घटकांची (तीन प्रथिनं आणि पुटिका) लस देऊन पाहिली, तेव्हा घशातला जंतू घटला नाही. म्हणून बीमध्ये ज्याला टोचलं त्याचंच रक्षण धरून चालायचं.

आणि ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेने मान्यता दिलेली पाच गटांची लस बघा: ए, सी, डब्ल्यू आणि वाय यांची टॉक्सॉइडला जोडलेली शर्करा सुकवलेल्या पुडीत आणि बीची प्रथिनं द्रवात. टोचण्याआधी पुडी त्या द्रवातच विरघळवायची.